याचा जगदेव झाला

मंगरूळपीरला बसस्टँडच्या मागं मुन्नाचं गॅरेज आहे. तिथं एखाद्या गाडीचा रेडिएटर उघडला आणि आत पांढरा थर निघाला, की मुन्ना फडक्याला हात पुसत गिऱ्हाइकाला सांगतो, "याचा जगदेव झाला." गिऱ्हाईक हसतं, शेजारचा पंक्चरवाला हसतो. ज्याला अर्थ माहीत नसतो त्याला दुसरा कोणीतरी समजावून सांगतो, की ड्रायव्हरनं आळस करून बोअरचं पाणी ओतलं, क्षार बसला आणि इंजिन गेलं, त्याला म्हणतात जगदेव होणं.

हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. जगदेव काही बिघाड नाही. जगदेव माणूस आहे. किन्हीराजाचा आहे, पंचावन्न वर्षांचा आहे, त्याला बायको आहे, तीन एकर शेत आहे. अकरा वर्षं त्यानं आमची एकच गाडी चालवली आणि त्या गाडीत बोअरच्या पाण्याचा एक थेंब पडू दिला नाही. अख्ख्या तालुक्यात इंजिनाच्या पाण्याची एवढी काळजी घेणारा दुसरा ड्रायव्हर मी पाहिलेला नाही. आणि नेमकं त्याचंच नाव लोकांनी या घाणीला दिलं. ते कोणामुळं दिलं गेलं हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून माझा राग इतरांवर निघता निघता फिरून माझ्याकडेच येतो.

मी रिंकू. कैलासचंद किराणावाल्यांची मुलगी. गावात पप्पांना सगळे शेठजी म्हणतात. आमची गाडी म्हणजे काही मोठं प्रस्थ नव्हतं. पांढरी, छोटी, पाच माणसं बसली की मागच्याचे गुडघे पुढच्याच्या पाठीत. पण पप्पांना गाडी येत असून चालवायचा कंटाळा, दादीला उन्हात एसटीचा त्रास, म्हणून जगदेवकाका ठेवलेले. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला बेटा म्हणायचे. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं ते बदललं.

काकांचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा, पण तो माणसांवर कमी आणि गाडीला छळणाऱ्यांवर जास्त. दारात गाडी सुरू करून एसी लावून कोणी गप्पा मारत बसलं, तर ते चावी काढून घ्यायचे. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला, की पूजा आटोपल्याबरोबर तो जाळीवरून काढून आरशाला बांधायचे. इंजिन समोरून वारा पिऊन थंड होतं, त्याच्या तोंडावर फुलं कशाला कोंबता, असं ते पप्पांनाही सुनवायचे. सोयाबीनच्या दिवसांत रस्त्यावर कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, उडतं, ते रेडिएटरच्या पात्यांत जाऊन बसतं. काका रोज संध्याकाळी मऊ ब्रशनं ते काढायचे. ब्रश म्हणजे दादीचा जुना झालेला केसांचा ब्रश होता. दुसरा कोणी त्याला हात लावलेला त्यांना खपत नसे.

त्यांचं मुन्नाशी पहिलं भांडण झालं ते वॉलवरून. आमच्याकडं मेकॅनिक लोकांची एक सवय आहे. नवी गाडी आली की तिचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन पुरतं तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा भाग, काढून फेकून देतात. त्याला ते वॉल म्हणतात. आपल्याकडं थंडी कुठं आहे, पाणी सारखं फिरू द्या, गाडी गरमच होणार नाही, असा त्यांचा हिशोब. त्याच ओघात हिटरचे पाइपही काढून एकमेकांना जोडून टाकतात, कारण वाशीम जिल्ह्यात हिटर कोण लावणार. मुन्नानं आमच्या गाडीला हात घालताच काकांनी त्याचा पाना धरून ठेवला.

"इंजिनले बी ताप लागतो, मुन्ना," ते म्हणाले. "पन त्याचा त्याले. कमी बी नाही अन् जास्त बी नाही. तू त्याले थंडं ठेवशीन तं ते पेट्रोल खाईन, अन् आतून झिजून जाईन."

मुन्ना चारचौघांत हिरमुसला. तो राग त्यानं मनात धरून ठेवला होता, हे मला फार पुढं कळलं.

गाडी शिकवताना काकांनी मला स्टिअरिंगच्या आधी काटा शिकवला. डॅशबोर्डवर तापमानाचा छोटा काटा होता. माझी गुलाबी नेलपॉलिश मागून घेऊन त्यांनी काचेवर बरोबर मध्याच्या जरा खाली एक ठिपका दिला. म्हणाले, रस्त्याकडं दहादा पाहा आणि अकराव्यांदा इथं पाहा. काटा ठिपक्याच्या वर सरकला तर आधी एसी बंद. तरी सरकला तर काचा खाली करून हिटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनाची गरमी गाडीत येते आणि इंजिनाला उसंत मिळते. मी हसले होते. मे महिन्यात हिटर लावला तर आतले लोक मरतील, असं म्हणाले होते. काका हसले नाहीत. आतले लोक घाम पुसतील आणि घरी जातील, इंजिनाला घाम पुसता येत नाही, असं त्यांचं उत्तर होतं. आणि झाकण? गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही. बाप आडवा आला तरी उघडायचं नाही.

आता पाण्याचं सांगते, कारण सगळं तिथंच घडलं.

आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की बादलीलासुद्धा पांढरी कड धरते. काका रेडिएटरमध्ये घालायचं कूलंट विकतचं आणायचे, पण त्यात मिसळायचं पाणी त्यांनी दादीकडून मिळवलं होतं. आम्ही जैन, आणि माझी दादी पानाबाई धर्माची पक्की. पाणी गाळून, उकळून प्यायचं, तेही सूर्य मावळायच्या आत. रोज सकाळी मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, निवायचं, क्षार तळाशी बसायचा आणि वरचं नितळ पाणी दिवसभर चालायचं. संध्याकाळी उरलेलं पाणी मोरीत ओतताना तिचा जीव तुटायचा. एक दिवस काकांनी त्या पातेल्याच्या तळाला बोट लावून पाहिलं आणि दादीला म्हणाले, हे वरचं पाणी मला देत जा. तेव्हापासून दादीचं उरलेलं पाणी गाडीच्या डब्यात. आपल्या पाण्याचं चीज होतं म्हणून दादी खूश, गाडी थंड राहते म्हणून काका खूश. अकरा वर्षं हा व्यवहार दोघांनी एकमेकांशी फार न बोलता चालवला.

डबा आमच्याच दुकानातला, तेलाचा रिकामा, पाच लिटरचा. तसाच एक दुसरा डबा दादीजवळ असे. शिरपूरकडं पायी विहार करत जाणाऱ्या साध्वीजी आमच्या गावी उतरल्या, की त्यांच्यासाठी दादी उकळलेल्या पाण्यात चुना टाकून ठेवायची. चुना टाकलेलं पाणी आमच्यात जास्त दिवस चालतं, ते वापरायला दोष नाही. दोन्ही डबे सारखेच दिसायचे, म्हणून काकांनी आपल्या डब्याच्या मुठीला लाल दोरा बांधला होता. मला त्यांनी तो दोरा शंभर वेळा दाखवला असेल. लाल दोरा गाडीचा, बिनदोऱ्याचा साध्वीजींचा. यात न समजण्यासारखं काय होतं? काहीही नव्हतं.

गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या तीन आठवडे आधी काका भावाच्या मुलीच्या लग्नासाठी केनवडला गेले, चार दिवस. गाडीचं पाणी बदलायला झालं होतं, नवं कूलंट आणून ठेवलेलं होतं. आल्यावर करतो म्हणाले. मला तेव्हा नुकतीच वाशीमला एका ऑफिसात नोकरी लागली होती आणि पप्पांनी एकटीनं गाडी न्यायची परवानगी दिली होती. माझ्या डोक्यात वारं शिरलं होतं. मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले आणि ठरवलं, की काका यायच्या आत आपणच पाणी बदलून ठेवायचं. जुनं पाणी काढलं, कूलंट ओतलं आणि हाताला लागला तो डबा उचलला. दोरा पाहिला नाही. तळाशी पांढरं काहीतरी होतं, उकळलेल्या पाण्याचा गाळ असेल असं मी मानलं. आणि माझं शहाणपण पाहा, वाया जाऊ नये म्हणून डबा चांगला हलवून तेही सगळं आत ओतलं.

काका आले तेव्हा मी मिरवत सांगितलं. त्यांनी वरच्या बाटलीत डोकावून पाहिलं, पाणी हिरवं दिसत होतं, पातळी बरोबर दोन रेघांच्या मध्ये. त्यांनी एकच विचारलं.

"लाल दोऱ्याच्या डब्यातलंच टाकलं ना, बेटा?"

मी "हो" म्हणाले. मी दोरा पाहिला नव्हता हे मला त्या क्षणीही माहीत होतं. पण नाही म्हणायची लाज वाटली. काका खूश झाले. माझ्या पाठीवर थाप मारली आणि दादीला जाऊन सांगितलं, की पोरगी तयार झाली.

अक्षय्य तृतीयेला शिरपूरला आत्याच्या वर्षीतपाचं पारणं होतं. वर्षभर एक दिवस उपास आणि एक दिवस जेवण असं तप आत्यानं केलं होतं. त्या दिवशी उसाचा रस पिऊन ते सोडायचं असतं, आणि पहिला रस भावानं द्यावा अशी आत्याची इच्छा होती. पप्पा आठ दिवसांपासून तेच बोलत होते. सकाळी निघायला दुकानामुळं उशीर झाला. पप्पा पुढं बसले, मागं दादी आणि मी. एसी लावलेला. शेलूबाजार सोडलं आणि मी काकांच्या खांद्यावरून पाहिलं, तर काटा ठिपक्यावर नव्हता. वर होता.

काकांनी एसी बंद केला. पप्पांनी विचारलं, काय झालं. काका म्हणाले, गाडी तापते आहे, जरा दम द्यावा लागेल. काटा अजून सरकला. मग काकांनी चारही काचा खाली केल्या आणि हिटर सोडला. बाहेर लाही लाही करणारं ऊन, आतून पायावर भट्टीची हवा. दादीनं पदरानं तोंड झाकून घेतलं. पप्पा तर पेटलेच. हा माणूस वेडा झाला आहे का, आधीच उशीर, वर आम्हाला भाजतो आहे, असं काय काय बोलले. काका समोर पाहून चालवत राहिले. त्या हिटरनंच आम्हाला किन्हीराजापर्यंत आणलं. मुन्नाला अकरा वर्षांपूर्वी तो काढू दिला असता तर आम्ही शेलूच्या पुढंच रस्त्यावर उभे राहिलो असतो, हे पप्पांना कोणी सांगायचं?

किन्हीराजाला स्टँडजवळ कडुनिंबाखाली काकांनी गाडी उभी केली, बंद केली आणि बोनेट उघडलं. म्हणाले, पाऊण तास. पप्पा घड्याळ पाहत होते. शिरपूरहून फोनवर फोन येत होते, मुहूर्त चालला होता. दहा मिनिटांनी पप्पांनी टपरीवरून पाण्याची बाटली आणली आणि काकांना म्हणाले, झाकण उघडा, थंड पाणी ओता आणि निघा. काकांनी नाही म्हणून मान हलवली. पप्पांनी हुकूम दिला. काका बोनेटपुढं आडवे उभे राहिले.

"शेठजी, मी ह्या गावचा आहो. आत्ता जीप आनून देतो, तुमी पारन्याले जा. पन हे इंजिन आता चालवू नका."

किती सोपी गोष्ट होती. जीप आली असती, आम्ही वेळेत पोचलो असतो. दादी म्हणालीसुद्धा, कैलास, त्याचं ऐक. पण आमच्या घराण्यात कैलासचंदांनी ड्रायव्हरचं ऐकलेलं चारचौघांना दिसणं हे इंजिन जळण्यापेक्षा वाईट. स्टँडवरची माणसं पाहत होती. पप्पांनी काकांच्या हातातून चावी घेतली, बोनेट आपटून लावलं, स्वतः बसले आणि गाडी मालेगावच्या दिशेनं काढली. काका धावत येऊन मागं माझ्याशेजारी बसले. काटा गुलाबी ठिपक्याच्या कितीतरी वर, लाल पट्टीत जाऊन टेकला होता. काका फक्त "शेठजी, शेठजी" म्हणत होते. चार किलोमीटरवर खडखड आवाज झाला, बोनेटमधून वाफ आली आणि गाडी संपली.

रस्त्यावरून जाणाऱ्या एका मालवाहू गाडीतून आम्ही शिरपूरला पोचलो तेव्हा आत्याला रस देऊन झाला होता. तिच्या दिरानं दिला होता. पप्पा भर मांडवात रडले. तोवर मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला तेव्हा त्यांची दया आली होती. ती आता ओसरली आहे.

गाडी ओढून मुन्नाकडं आणली. तिसऱ्या दिवशी त्यानं बोलावलं. पप्पा, काका, मी. बाजाराचा दिवस, गॅरेजवर पंधरा-वीस माणसं. इंजिनाचं हेड वाकडं झालेलं, गॅस्केट जळालेली. मुन्नानं रेडिएटर काढून उलटा केला आणि आपटला. आतून पांढरा लगदा पडला.

मुन्नाला अकरा वर्षांपासून जी संधी हवी होती ती मिळाली. त्यानं तो लगदा बोटावर घेऊन सगळ्यांना दाखवला. "बोअरचं पानी," तो म्हणाला. "मोठा ग्यान शिकवत होता आमाले. बोअरचं पानी टाकून राह्यला होता."

मी तो लगदा पाहिला आणि मला डब्याच्या तळाचं पांढरं आठवलं. एका क्षणात सगळं समजलं. पायाखालची जमीन सरकली म्हणतात, तसं काही झालं नाही. उलट डोकं फार स्वच्छ चाललं होतं. मी हिशोब करत होते. बोलले तर गाडीची चावी जाईल. वाशीमची नोकरी एसटीनं करावी लागेल. पप्पा सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडतील. एका माणसाच्या अकरा वर्षांपुढं मी हे मांडलं होतं, आणि हे मला जड वाटलं.

काकांनी लगदा चिमटीत घेऊन चोळला, हुंगला. म्हणाले, हा क्षार नाही, हा चुना आहे. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी पंक्चरवाल्याच्या टायरांकडं पाहत होते. मग ते पप्पांकडं वळून म्हणाले, घरातल्या चुन्याच्या डब्यातलं पाणी कोणीतरी टाकलं आहे.

कोणीतरी. माझं नाव घेतलं नाही.

पप्पांचा आवाज चढला. म्हणजे आता साध्वीजींच्या पाण्यावर आळ घेतोस? स्वतःचा आळस झाकायला धर्माचं पाणी मधे आणतोस? उद्यापासून येऊ नको. पप्पांना पारण्याचा राग काढायला कोणीतरी हवं होतं, आणि इंजिन स्वतः जाळलं हे विसरायलाही कोणीतरी हवं होतं. दोन्हीला एकच माणूस पुरला.

काकांनी खिशातली दुसरी चावी काढून मुन्नाच्या टेबलावर ठेवली.

"काम गेलं तं जाऊ द्या, शेठजी. पन मी बोअरचं पानी टाकलं असं कोठी म्हनू नका."

एवढंच मागितलं त्यांनी. पगार नाही, दुसरी नोकरी नाही, फक्त एवढं. आणि पप्पांनी दुकानावर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगितलं. मुन्नानं तर त्याचा शब्दच करून टाकला. मंगरूळपीरात काकांना कोणी गाडी दिली नाही, मालेगावातही नाही. ज्याच्या नावानं इंजिन बिघडतं त्याच्या हातात गाडी कोण देईल?

दादीनं मात्र दुसऱ्या दिवसापासून उरलेलं पाणी तुळशीला घालायला सुरुवात केली आणि पप्पांना एकदाच विचारलं, की जगदेव खोटं बोलल्याचं तुला कधी आठवतं का. पप्पांनी ताटातच हात धुतला आणि उठले. मीही तिथंच जेवत होते. मी आणखी एक फुलका घेतला.

अकरा महिने मी गप्प राहिले. दुरुस्त झालेली गाडी मीच चालवत होते. काचेवर गुलाबी ठिपका तसाच होता. मग एक दिवस सर्व्हिसिंगला गाडी मुन्नाकडं नेली, तेव्हा शेजारच्या गाडीखालून तो ओरडला, "याचा जगदेव झाला." मी विचारलं, काय झाला? त्यानं हसत हसत अर्थ सांगितला. शेठजींच्या मुलीला हा विनोद विशेष आवडेल असं त्याला वाटलं असणार. मी गाडी तिथंच सोडून पायी घरी आले.

दुकान बंद व्हायच्या आधी पप्पांना सगळं सांगितलं. डबा, दोरा, माझा "हो", सगळं. ते गल्ल्यापाशी उभे होते. बराच वेळ तराजू सरळ करत राहिले. मग म्हणाले, आता सांगून काय होणार, वर्ष झालं, लोक विसरले. मी म्हणाले, लोक विसरले नाहीत, रोज नाव घेतात. ते म्हणाले, मी त्याच्या दारात जाऊन माफी मागू का? मी म्हणाले, हो. ते हसले. त्या हसण्यानं माझ्या अंगाचा असा भडका उडाला, की मी तराजूतलं पारडं उचलून खाली आपटलं. आमच्या दुकानात असा आवाज पूर्वी झाला नसेल. पप्पा तरी गेले नाहीत. मी गेले.

किन्हीराजाला काका घरासमोर दुसऱ्याच्या ट्रॅक्टरचं काहीतरी करत होते. मला पाहून उठले, हात धुतले, खाट टाकली. चहाचं विचारलं नाही. आमच्याकडं दारात आलेल्या परक्या माणसालाही चहा विचारतात. काकी आतून डोकावल्या आणि परत आत गेल्या. मी उभ्यानंच बोलायला सुरुवात केली. निम्म्यातच त्यांनी हात वर केला.

"मले मालूम हाये, ताई."

ताई म्हणाले. बेटा नाही.

मी विचारलं, मग त्या दिवशी बोलला का नाहीत?

"मी तुमच्या तोंडाकडे पाहून राह्यलो होतो. वाटलं, तुमी बोलसान." मग ते म्हणाले, "माही बी चूक हाये. गाडीच्या बाबतीत मी कोनाच्याच 'हो'वर राह्यलो नाही. तुमच्यावर राह्यलो. झाकन उघडून पाह्यलं नाही."

मी माफी मागितली. त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला.

"इथं कायले सांगता? इथं कोन हाये आयकाले? ज्याईनं आयकलं होतं त्याईले सांगा."

मी पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत थांबले. गॅरेजवर माणसं भरल्यावर गेले. मुन्ना कुठल्याशा गाडीत वाकला होता. मी मोठ्यानं सांगितलं, की आमच्या गाडीत चुन्याचं पाणी मी ओतलं होतं, जगदेवकाकांनी नाही. इंजिन तापल्यावर त्यांनी गाडी थांबवली होती आणि माझ्या वडिलांनी ती चालवून जाळली. काका खरं बोलत होते, मी इथंच उभी होते आणि गप्प बसले. एका दमात बोलले. पंक्चरवाल्याच्या हातातली हवेची नळी नुसतीच फुसफुसत होती. कोणी हसलं नाही.

मुन्ना फडक्याला हात पुसत म्हणाला, जाऊ द्या ताई, झालं गेलं.

"जाऊ द्या नाही," मी म्हणाले. "आजपासून जगदेव झाला म्हणायचं नाही. रिंकू झाला म्हणा. रेडिएटर बुजला की म्हणायचं, याचा रिंकू झाला."

मुन्नानं दोन्ही हात जोडले. त्याचा चेहरा खरोखर घाबरलेला होता.

"काय बोलता, ताई. शेठजीच्या पोरीचं नाव आमी कसं घेऊ?"

त्याच्या त्या जोडलेल्या हातांचा मला जेवढा राग आला तेवढा त्याच्या विनोदाचाही आला नव्हता. माझं नाव घ्यायला त्याची जीभ रेटत नाही. काकांचं नाव त्यानं वर्षभर गाडीखालून ओरडून घेतलं, तेव्हा जीभ कुठं अडली नाही. आणि तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना त्याचं हे बोलणं अगदी बरोबर वाटलं. मी त्यांचे चेहरे पाहिले.

त्या दिवशी मी काकांना फोन करून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. विचारलं, मुन्ना काय म्हणाला? मी तेही सांगितलं. पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. ते "हं" म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर मी दोनदा किन्हीराजाला थांबले. खाट टाकतात. चहा विचारत नाहीत.

मुन्नाच्या गॅरेजवर आता माझ्यासमोर कोणी तो शब्द काढत नाही. मला वाटलं होतं, निदान तेवढं तरी झालं. मागच्या आठवड्यात ऑफिसच्या कामानं मालेगावला गेले होते. तिथं एका गॅरेजपाशी चाकात हवा भरून घेत होते. मेकॅनिक अनोळखी, तिशीचा. कोणाच्या तरी गाडीचं झाकण उघडून तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "गेलं काम. याचा जगदेव झाला."

मी गाडीतून उतरून त्याच्यापाशी गेले आणि विचारलं, जगदेव कोण?

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग गाडीकडं पाहिलं.

"मानूस नाही हो मॅडम," तो म्हणाला. "असंच म्हनतात."

मी त्याला पाना खाली ठेवायला सांगितलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.